डब्यावर वजन

धाकटीला कुणी विचारलं, "त्या डब्यावर तुझा एवढा विश्वास कशाच्या जोरावर गं?" तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "मी बसवलाय म्हणून." आता याला गर्व म्हणायचं तर खुशाल म्हणा. पण तो तिला शोभून दिसायचा. तिने हातात घेतलेलं काम सहसा फसत नसे, आणि फसलंच तर ती त्यावर पांघरूण घालत नसे.

धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. सासरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिचं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची धाकटी झाली. घर पाय बनवणाऱ्यांचं. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. ज्यांचा पाय अपघाताने नाहीतर आजाराने गेलाय अशी माणसं कुबड्या घेऊन आत यायची आणि चालत बाहेर जायची. हा सगळा व्याप सासऱ्यांनी उभा केला होता. त्यांना घरात आणि कारखान्यात सगळे बाबाच म्हणत.

व्यापाची सुरुवात मात्र सासूबाईंपासून झाली. त्यांचा डावा पाय लग्नाआधीच गुडघ्याखाली गेलेला. बाजारातून आणलेला पाय त्यांना टोचायचा, आणि पाय टोचला की त्या नवऱ्याला टोचून बोलायच्या. बाबा तेव्हा सुतारकाम करत. शेवटी एक दिवस कंटाळून त्यांनी खुर्च्या-टेबलं बाजूला सारली आणि बायकोसाठी स्वतःच पाय करायला घेतला. तो बरा झाला. पण "टोचत नाही" हे शब्द काही सासूबाईंच्या तोंडून आले नाहीत. "आधीपेक्षा कमी टोचतो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि पुढची सगळी वर्षं, प्रत्येक नव्या पायाच्या वेळी, तेच म्हणत राहिल्या.

कारखान्याच्या मधोमध लाकडाच्या तीन पायऱ्या होत्या. त्या कुठेच जात नव्हत्या. नवा पाय घालून गिऱ्हाइकाने त्या चढायच्या, वरच्या पायरीवर उभं राहायचं, आणि चांगला पाय उचलून सगळं वजन नव्या पायावर टाकायचं. बाबा समोर हात पसरून उभे असायचे. पाय दिसायला कितीही देखणा असो, गिऱ्हाईक कितीही घाईत असो, वजन टाकल्याशिवाय पाय दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा घरचा कायदा. धाकटीला तो इतका पटला होता की नवी शिडी आणली तरी ती आधी खालच्या पायरीवर दोन उड्या मारून बघायची.

आता साच्यांचं सांगायला हवं. उरलेल्या पायावर प्लास्टरची पट्टी गुंडाळून ठसा घ्यायचा, त्या ठशात प्लास्टर ओतून पायाचा हुबेहूब साचा करायचा, आणि त्या साच्यावर सॉकेट घडवायचं, म्हणजे कृत्रिम पायाचा तो वरचा भाग, ज्यात माणूस आपला पाय घालतो. बाबांची खरी करामत साच्यावर चालायची. जिथे हाड टोचतं तिथे ते प्लास्टरचा छोटासा उंचवटा चढवायचे, म्हणजे सॉकेटला आतून तेवढी जागा सुटायची. असे शेकडो साचे मागच्या मोठ्या खोलीत छतापर्यंत रचलेले. साचे पांढरे, खोली पांढरी, आणि तिथून बाहेर येणारा माणूसही पांढरा. गिऱ्हाइकांना चालायचा सराव करायला मात्र एक अरुंद बोळ, समोरून कुणी आलं की एकाने भिंतीला चिकटायचं.

ती खोली धाकटीच्या डोळ्यात भरली होती. तिला तिथे दोन्ही बाजूंना आधाराचे दांडे असलेली, भरपूर उजेडाची चालायची जागा करायची होती. त्यासाठी तिने एकेक साचा स्कॅनरने टिपून त्याची फाइल केली. फाइल दिली की कोरणारं यंत्र फोमच्या ठोकळ्यातून तोच आकार काढून देतं, मग साच्यांनी जागा अडवायचं कारणच काय? फाइली ठेवल्या जिन्याखालच्या सर्व्हरवर. सर्व्हर आज ना उद्या मान टाकणार हे ती धरूनच चालली होती, म्हणून तिने त्याला नेटवर्कच्या तारेने एक वेगळा डबा जोडला, नुसत्या साठवणीचा. दुकानदार त्याला नॅस म्हणाला होता, घरात त्याचा डबाच झाला. रोज संध्याकाळी सर्व्हर सगळ्या फाइलींची एक प्रत डब्यात ठेवायचा आणि धाकटीच्या फोनवर निरोप यायचा: बॅकअप यशस्वी.

एकदा जेवताना तिने विषय काढला. "बाबा, सगळे साचे टिपून झाले. आता फोडूया."

बाबांचा घास हातातच राहिला. "माणसांचे पाय आहेत ते."

"आहेत ना. सर्व्हरवर आहेत, डब्यात आहेत."

"असतील. पण डब्यावर वजन टाकून बघितलंस का?"

थोरले दीर, ज्यांना ती भावजी म्हणायची, हसले. कारखान्यातली यंत्रं त्यांच्या ताब्यात. "अहो बाबा, रोज निरोप येतो की तिला, यशस्वी म्हणून."

"पाय करणाराही रोज म्हणतो, पाय झकास झालाय म्हणून," बाबा म्हणाले. "म्हणून काय पायऱ्या मोडीत काढल्या का आपण? सर्व्हर बंद करा. पार बंद. आणि नुसत्या डब्यातून पाय काढून दाखवा. मग फोडा खुशाल."

धाकटीने पेला खाली ठेवला. हे तिला स्वतःलाच सुचायला हवं होतं, आणि सुचलं नाही याची थोडी चुटपुट तिला लागली. पण भीती? छे. "उद्या सकाळी," ती म्हणाली. "भावजी, राडारोडा नेणाऱ्या गाडीवाल्याला सांगून ठेवा."

"आधी बघू तरी दे."

"सांगून ठेवा हो. रिकाम्या हाताने नाही जायचा तो."

"माझा पाय काढ पहिला," सासूबाई मध्येच म्हणाल्या.

सासूबाईंचा पाय हा त्या दिवसांत घरातला चालू विषय होता. वयाने त्यांचा उरलेला पाय बारीक झाला होता, जुनं सॉकेट सैल पडलं होतं, आणि गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला, हाडाच्या टोकापाशी, घासून घासून जखम होत होती. बाबांनी नवा ठसा घेतला, साचा केला, त्या टोकावर उंचवटा चढवला, कानशीने घासला, पुन्हा चढवला. नखाएवढ्या त्या उंचवट्यापायी त्यांनी आठवडा घालवला. धाकटीने तो नवा साचाही टिपला. त्यावरून नवा पाय व्हायचा होता, आणि तोवर सासूबाई मोज्यावर मोजे चढवून दिवस काढत होत्या.

"आणि साचाही माझाच फोडा आधी," त्या म्हणाल्या. "प्रयोग करायचाय तर घरच्या पायावर करा, परक्याच्या नको."

"आठवडा घालवलाय मी त्या साच्यावर," बाबा म्हणाले.

"सुनेवर माझा भरवसा बसलाय. तुमच्या साच्यावर अजून बसायचाय."

यावर बाबांनी निमूट पुढचा घास घेतला.

सकाळी जिन्यापाशी सगळा कारखाना गोळा झाला. धाकटीचा नवरा लांबच्या दवाखान्यात माणसांची मापं घ्यायला गेला होता, नाहीतर तोही फोटो काढत उभा राहिला असता. धाकटीने सर्व्हर रीतसर बंद केला आणि मागून कुणी शंका काढू नये म्हणून त्याची वायरही उपटून टेबलावर ठेवली. जिन्याखालची घरघर थांबली. इतकी वर्षं ती कुणाच्या कानावरच पडत नव्हती, थांबली तेव्हा सगळ्यांना जाणवली.

तिने लॅपटॉप उघडला, डब्याला नावाने शोधलं, आतला सासूबाईंचा कप्पा उघडला आणि फाइलीवर बोट ठेवलं. पडद्यावर करड्या रंगाचा पाय खालून वर हळूहळू भरत गेला.

"हाच गं बाई माझा," सासूबाई म्हणाल्या. "हजार पायांत ओळखेन."

कारागिरांनी टाळ्या वाजवल्या. भावजींनी तिथल्या तिथे गाडीवाल्याला फोन लावला. बाबांनी लांबूनच मान डोलावली. त्यांचा चष्मा वर बिऱ्हाडात राहिला होता, आणि ज्या पायाला हात लावता येत नाही त्यात त्यांना तसाही रस नव्हता. ते मागच्या खोलीत गेले, सासूबाईंचा साचा तान्ह्या मुलासारखा उचलून मागच्या अंगणात घेऊन गेले, आणि हातोडा शोधायला लागले. सगळी मंडळी त्यांच्या मागे गेली.

धाकटी एकटीच टेबलापाशी राहिली. जिंकलेल्या माणसाला जिंकल्या जागी जरा रेंगाळावंसं वाटतं, तसं तिचं झालं होतं. तिने पडद्यावरचा पाय कौतुकाने फिरवला. बाबांचा तो उंचवटा मोठा करून दाखवावा, म्हणजे म्हाताऱ्याला पडद्यातही रस वाटेल, असं तिच्या मनात आलं. तिने पाय बाहेरच्या अंगाला वळवला.

उंचवटा नव्हता.

तिने पाय पुन्हा वळवला. तिथे सपाट, गुळगुळीत पोटरी होती, आणि सगळा पायच जरा जाड होता. हा सासूबाईंचाच पाय होता, पण जुना. बाबांनी आठवडा घालवलेला नवा पाय डब्यात नव्हताच. तिने भराभरा आणखी कप्पे उघडले. महिन्याभरापूर्वीपर्यंतचं सगळं जागच्या जागी होतं, आणि त्यानंतर टिपलेलं काहीही नव्हतं. फोनवर मात्र रोजचे निरोप ओळीने उभे होते, सगळे यशस्वी.

खरं सांगायचं तर एक वाट मोकळी होती, आणि ती धाकटीला लख्ख दिसली. नवी फाइल सर्व्हरवर असणारच. गुपचूप सर्व्हर चालू करायचा, कुठे काय निसटलंय ते बघायचं, फाइली डब्यात ढकलायच्या. गाडी येईपर्यंत सगळं सुरळीत, आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तिची मान ताठच राहिली असती. तेवढ्यात अंगणातून भावजींचा आवाज आला, "बाबा, मारा एकदाचा!"

धाकटी उठली ती खुर्ची पाडूनच धावली. "बाबा, थांबा! हात खाली घ्या!"

बाबांचा हातोडा खांद्याच्या वर होता. तो तसाच राहिला.

"काय झालं?" भावजी म्हणाले. "आला की पाय. सगळ्यांनी बघितला."

"जुना आला." तिला धाप लागली होती. "आईंचा नवा पाय डब्यात नाहीये. महिनाभरातलं काहीच नाहीये. मी सगळ्यांसमोर मिरवलं आणि नीट बघितलं नाही."

एका कारागिराने उगाच खाकरून घेतलं. धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या, पण तिने मान खाली घातली नाही.

"अगं, पण सर्व्हरवर आहे ना?" भावजींनी तिची बाजू सावरून धरली. "मग बिघडलं काय? चालू कर, परत प्रत काढ. गाडीवाला निघालाय."

"सर्व्हरवर असेल, भावजी. पण वजन डब्यावर टाकायचं ठरलं होतं, आणि डबा वाकला. वाकलेला पाय आपण देतो का कुणाला, दुसरा पाय चांगला आहे म्हणून?"

बाबांनी हातोडा खाली ठेवला. साचा मात्र काखेत धरला. "सर्व्हर चालू कर," ते एवढंच म्हणाले.

सगळी मंडळी पुन्हा जिन्यापाशी आली. धाकटीने वायर जोडली, बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला. मग आतून टक् असा आवाज आला, थोड्या वेळाने पुन्हा टक्, आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत उमटलं की डिस्क सापडत नाही. तिने बंद करून पुन्हा चालू केलं. टक्. वर्षानुवर्षं न थांबता फिरणारी डिस्क एकदा थंड झाली की कधीकधी परत फिरतच नाही, हे तिने ऐकलं होतं. ऐकलेलं आता समोर बसलं होतं. पुढे दुरुस्तीवाल्याकडेही ती पाठवली, पण त्यानेही हात टेकले.

"म्हणजे," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "माझा नवा पाय सर्व्हरमध्येही नाही आणि डब्यातही नाही."

"नाही, आई."

"मग आहे कुठे?"

सगळ्यांचे डोळे बाबांच्या काखेकडे वळले. बाबांनी साचा काखेतून काढून दोन्ही हातांत घेतला. धाकटीचे डोळे भरून आले. हातोडा आणि तो उंचवटा यांच्यात एका हाकेचं अंतर राहिलं होतं, आणि ती हाक न मारण्याचा विचार तिच्या मनात येऊन गेला होता, हे तिलाच ठाऊक होतं.

बाहेर गाडीचा भोंगा वाजला. तिने पदराने डोळे पुसले आणि स्वतःच बाहेर गेली. "दादा, माफ करा. आज रिकामंच जावं लागणार. चूक माझी आहे. चहा घेऊन जा." गाडीवाला चहा प्यायला आणि जाताना म्हणाला की बाई, चूक कबूल करणारं गिऱ्हाईक आज पहिल्यांदा बघितलं.

मग धाकटी डब्यापाशी ठाण मांडून बसली. रडगाणं गात बसायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि तिला आता राग आला होता, तो कामी आला. उत्तर हाती यायला फार वेळ लागला नाही. डब्याच्या पाठीला नेटवर्कची तार खोचायची दोन भोकं होती, आणि तार भलत्याच भोकात होती.

"भावजी, डब्याला तुम्ही हात लावला होता?"

भावजींचा चेहरा उतरला. "धूळझाडीच्या दिवशी."

प्लास्टरच्या कारखान्यात धूळझाडी हा मोठा सोहळा. पांढरी भुकटी कुठेही शिरते, म्हणून, कधीच बंद न होणारा सर्व्हर सोडून, ज्याला म्हणून पंखा आहे अशी प्रत्येक वस्तू अंगणात नेऊन तिच्यात कॉम्प्रेसरची हवा मारायची, अशी भावजींची शिस्त. महिन्याभरापूर्वी त्यांनी डबाही नेला होता. स्वच्छ फुंकला, आणून ठेवला, तार जाईल त्या भोकात खोचली. दुसऱ्या भोकावर डब्याचा पत्ता वेगळा. लॅपटॉप डब्याला नावाने हाक मारतो, त्यामुळे त्याला तो सापडला. सर्व्हरला मात्र धाकटीने जुना पत्ता पाठ करून दिला होता, आणि त्या पत्त्यावर आता कुणी राहतच नव्हतं.

"म्हणजे घोळ मीच केला," भावजी म्हणाले.

"अर्धा. उरलेला माझा." धाकटी म्हणाली. "डबा अंगणात असतानाच मी सर्व्हर रीस्टार्ट केला होता. सर्व्हरमध्ये डब्याच्या नावाचा एक रिकामा कप्पा असतो. डबा जोडलेला असला की त्यात टाकलेलं सगळं थेट डब्यात जातं. डबा जोडलेला नसला तरी कप्पा असतोच, मग टाकलेलं त्यातच पडतं, सर्व्हरच्याच पोटात. बिचारा रोज या खिशातून काढून त्या खिशात ठेवत होता आणि मला कळवत होता, ठेवलं म्हणून. कुठे ठेवलंस, हे मी त्याला कधी विचारलंच नाही."

"झालं तुमचं वाटून?" सासूबाई म्हणाल्या. "आता कामाला लागा. मला चढवायला मोजे उरले नाहीत."

काम अवघड नव्हतं, फक्त होतं पुष्कळ. महिन्याभरातले सगळे साचे फळ्यांवर शाबूत होते, ते धाकटीने पुन्हा टिपले. नवा सर्व्हर आणला, त्यात डब्यातल्या जुन्या फाइली भरल्या. मग तिने डब्याची शाळा नव्याने घेतली. दुसऱ्या भोकात भावजींनी मेण भरलं, त्यांची हौस. डब्याच्या आत धाकटीने एक खुणेची फाइल ठेवली, जी डब्यात असते आणि दुसरीकडे कुठेही नसते. सर्व्हरने प्रत काढण्याआधी ती खूण बघायची, दिसली नाही तर कशालाही हात लावायचा नाही आणि कारखान्यातली जेवणाची घंटा वाजवायची. नवरा मापं घ्यायला जायचा त्या लांबच्या दवाखान्यात दुसरा डबा बसला, आग लागली, पाणी शिरलं तरी एक घर वेगळं असावं म्हणून. आणि दर सोमवारी कुणीतरी एका माणसाचं नाव सांगायचं, धाकटीने सर्व्हरला न विचारता त्याचा पाय डब्यातून काढायचा, तोही नुसता पडद्यावर नाही, फोममध्ये कोरून. तो फोम बाबांच्या हातात द्यायचा. बाबा डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायचे आणि माणसाचं नाव सांगायचे.

एका सोमवारी भावजींनी खोडी काढली. कुणाला न सांगता त्यांनी डब्याची तार उपटली. संध्याकाळी घंटा अशी काही वाजली की कारागीर हात धुऊन जेवायला हजर झाले. धाकटी इतकी हसली, इतकी हसली की तिला जिन्यावर बसावं लागलं.

त्यानंतर ती बाबांसमोर उभी राहिली. "गाडी बोलवू?"

"आधी हिचा पाय," बाबा म्हणाले.

या वेळी नव्या सर्व्हरची वायर उपटून टेबलावर ठेवली. धाकटीने डब्यातून सासूबाईंचा पाय काढला, पडद्यावर बाहेरच्या अंगाला वळवला आणि चष्मा लावलेल्या बाबांना उंचवटा मोठा करून दाखवला. यंत्राने फोम कोरला. बाबांनी त्यावर अंगठा फिरवला आणि हाडाच्या टोकापाशी तो थांबला. त्यांनी मान हलवली. भावजींनी तापवलेलं प्लास्टिक त्या फोमवर ओढून सॉकेट घडवलं, खाली दांडा आणि पाऊल जोडलं. साच्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. तो खिडकीत बसून सगळं बघत होता.

सासूबाईंनी सगळे मोजे काढून एकच चढवला, पाय घातला आणि भिंतीचा आधार न घेता पायऱ्यांपाशी आल्या. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. बाबा समोर हात पसरून उभे राहिले. कारखान्यात एकही यंत्र चालू नव्हतं. धाकटीने श्वास रोखून धरला होता, पण भीतीने नाही. हा पाय उभा राहणार हे तिला माहीत होतं, फक्त तिला ते बघायचं होतं.

सासूबाईंनी उजवा पाय उचलला. सगळं वजन डाव्यावर आलं. त्या जरा हलल्या, स्थिर झाल्या, आणि तशाच उभ्या राहिल्या. किती तरी वेळ.

"काय?" बाबांना राहवलं नाही. "आधीपेक्षा कमी टोचतो?"

सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "टोचत नाही," त्या म्हणाल्या.

बाबांचे पसरलेले हात खालीच येईनात. हे ऐकण्यासाठी त्यांनी सुतारकाम सोडलं होतं, हा कारखाना उभा केला होता, आणि आता ऐकल्यावर काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. धाकटीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडता काय? हातोडा आणा," सासूबाई म्हणाल्या.

साचा त्यांनी स्वतः फोडला, अंगणात, नव्या पायावर उभ्या राहून, एकाच घावात. पाठोपाठ, भावजींनी आधीच बोलावून ठेवलेल्या गाडीचा भोंगा वाजला आणि गाडीवाल्याने दारातून डोकावून विचारलं, "बाई, आज भरायची ना?"

"काठोकाठ," धाकटी म्हणाली. कारागीर खोलीतून साचे आणायला लागले, आणि वर्षानुवर्षं झाकलेल्या खिडकीतून आतल्या फरशीवर ऊन पडलं.

या गडबडीत बाबा हळूच खाली वाकले. सासूबाईंच्या साच्याच्या तुकड्यांत त्यांनी काही तरी शोधलं, फुंकर मारून साफ केलं आणि खिशात टाकलं. नखाएवढा तो उंचवटा होता. कुणी बघितलं नाही असं त्यांना वाटलं.

"खिशात काय टाकलंत?" सासूबाईंनी विचारलं.

बाबांनी आधी बायकोकडे बघितलं, मग सुनेकडे.

"बॅकअप," ते म्हणाले.

धाकटीने गाडीवाल्याला सांगितलं की तेवढा एक तुकडा राहू द्या.